न बोलावलेलं जेवण

माझ्या वडिलांना ज्यानं पुरातून काढलं, त्या मासेमार ढिवराचा सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. दसरा नुकताच होऊन गेला होता. तहसीलदारांच्या टेबलावर कचेरीतलं हिरवं कापड अंथरलं होतं आणि शेजारी ढिवरासाठी हातांची खुर्ची ठेवली होती. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, केव्हाही उतरता येईल अशा बेतानं. गळ्यात झेंडूचा हार, अंगावर नवी शाल आणि उन्हानं कपाळावर घाम. त्याची बायको खाली बायकांमध्ये बसली होती. मीही तिथंच होते, आईच्या आडोशाला. गर्दीत पुढं बसायला मला कधीच आवडलं नाही.

तहसीलदार बराच वेळ बोलले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला अशाच धाडसी नागरिकांची गरज आहे, असं ते म्हणाले. मग बाबांना बोलायचं होतं. ते उभे राहिले, ढिवराकडे पाहून त्यांनी हात जोडले, ओठ हलवले आणि खाली बसले. याबाबतीत बाबा माझ्यासारखेच होते, किंवा मी त्यांच्यासारखी. शेवटी ढिवराला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला, शाल सावरली आणि त्यानं तहसीलदारांनाच विचारलं, "झालं काय जी? जाऊ मी?"

सगळं पटांगण हसलं. तोही हसला. त्याची बायको मात्र हसली नाही. ती बाबांकडे बघत होती. कार्यक्रम संपून आम्ही घराकडे वळलो तरी ती तिथंच उभी होती, आणि अजून काहीतरी व्हायचं राहिलंय असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

घरी आल्यावर बाबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि "झालं एकदाचं" म्हणून सुस्कारा सोडला. त्यांच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं होतं. सत्काराची कल्पना त्यांचीच. त्यासाठी ते दोनदा तहसीलदारांकडे गेले होते, आणि कुणाकडे काही मागायला जाणं हे बाबांच्या दृष्टीनं पुराइतकंच अवघड काम होतं.

बाबा रेंजर होते. आधी सिरोंच्याला होते, मग वैनगंगेकाठच्या या गावी बदली झाली. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि नागपूर ही राजधानी. मी नागपूरला सिस्टर लोकांच्या इंग्रजी शाळेत, बोर्डिंगमध्ये वाढले. शेवटची परीक्षा दिली आणि हिवतापानं आडवी झाले, म्हणून डॉक्टरांनी एक वर्ष घरी राहायला सांगितलं. घरात करण्यासारखं फारसं नव्हतं. मी बघत असे. गावातलं बोलणं मला कळायचं, पण बोलायला गेलं की माझं मराठी पाठ म्हटल्यासारखं बाहेर पडायचं. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई तोंडाला पदर लावून हसायची. "पोरगी बोलते तं पुस्तक बोलल्यावानी वाटते," असं ती आईला सांगे. आई म्हणे, निदान बोलते तरी.

पुराची गोष्ट श्रावणाच्या शेवटची. बाबा पलीकडच्या जंगलातून डोंग्यानं परत येत होते. वर कुठंतरी धो धो पडला असावा, कारण मध्यावर आल्यावर पाणी एकदम चढलं आणि वाहत आलेलं एक आख्खं झाड डोंग्याला आडवं लागलं. डोंगा उलटला. डोंगेवाला पोहत निघाला. बाबांना पोहता येत होतं ते विहिरीतलं, शिवाय पायांत बूट आणि अंगात खाकी कोट. हा ढिवर आणि त्याची बायको त्याच वेळी आपला डोंगा घेऊन जाळी सोडवायला निघाले होते. त्यानं उडी टाकली. तिनं बांबूनं डोंगा रेटत रेटत धारेत नेला आणि बाबांचा कमरेचा पट्टा धरून त्यांना वर ओढलं.

ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की बाबा दुसऱ्याचं धोतर नेसून, खांद्यावर घोंगडं घेऊन फाटकातून आत आले. त्यांच्या मागे ती दोघं आणि अर्धं गाव. आईनं पुढं होऊन बाबांच्या दंडाला हात लावून पाहिला, खरोखरच आहेत का असा. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर आम्ही देत सुटलो. आईनं धोतर धुऊन, घडी करून, त्यावर रव्याचे लाडू ठेवून पाठवले. बाबांनी नवं जाळं विणायला सूत आणून दिलं. मग हा सत्कार. मला ते सगळं ओळखीचं वाटत होतं, कारण शाळेत सिस्टर आम्हाला आभाराची पत्रं लिहायला लावत. कुणी काही केलं की उलट काहीतरी पाठवायचं, आणि चांगल्या अक्षरात. ढिवराच्या घरून प्रत्येक वेळी वस्तू ठेवून घेतल्याचा निरोप येई, आणि निरोप्या घुटमळत उभा राही. आम्हाला वाटे, त्याला चहा हवा असेल. तोही आम्ही देत असू.

सत्कारानंतरही बाबांना नदीवर फिरायला न्यायचं काम माझ्याकडेच होतं. असं आई म्हणे. बाबांच्या मते मला न्यायचं काम त्यांच्याकडे होतं. आम्ही दोघं संध्याकाळी घाटापर्यंत जायचो, थोडा वेळ उभे राहायचो आणि यायचो. वाटेत बोलणं जवळजवळ नसे, आणि ते दोघांनाही पसंत होतं. बाबा पाण्यापासून जरा अंतर ठेवूनच उभे राहत. पलीकडे कामं अडली होती, तरी पुरानंतर ते डोंग्यात बसले नव्हते. याबद्दल घरात कुणी काही विचारत नसे.

त्या घाटावर मला रोज एक गोष्ट दिसायची. इतरांचे डोंगे पाण्यात असत. त्या ढिवराचा डोंगा मात्र पळसाखाली, वाळूत पालथा घातलेला. तो स्वतः शेजारी बसून कुणाचं तरी जाळं दुरुस्त करत असे. आम्ही दिसलो की उठून रामराम करी आणि पुन्हा बसे. मला आधी वाटलं, त्याचा डोंगा फुटला असेल. पण डोंगा धड होता. मग वाटलं, आजारी असेल. पण एकदा काठावर अडकलेली गाडी त्यानं खांदा लावून एकट्यानं वर काढली. पाणी उतरलं, मासोळीचे दिवस आले, बाकीच्या बाया टोपल्या भरून बाजाराला जाऊ लागल्या. त्याची बायको दुसऱ्यांच्या बांधीत धान कापायला जात होती.

हे मी आमच्या भांडेवाल्या बाईला विचारलं. विचारायला मला दोन दिवस धीर गोळा करावा लागला, कारण हसण्याची भीती होती. ती हसली नाही. राख लावलेले हात तसेच धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुमच्या घरी कोणालेच मालूम नाई?" तिनं विचारलं.

मग तिनं सांगितलं. ज्याला नदीतून काढलं, तो नदीनं घेतलेला माणूस. त्यानं काढणाऱ्याच्या घरी जायचं, त्याच्या चुलीवरचं जेवायचं आणि पहिलं वाढलेलं संपल्यावर स्वतःच्या तोंडानं अजून मागायचं. मागून जेवला की तो त्या घरचा झाला, मग नदीचा त्याच्यावर हक्क राहत नाही. तसं होईपर्यंत काढणाऱ्यानं पाण्यात पाय टाकायचा नाही, कारण नदी एकाच्या बदल्यात दुसरा ओढते. ढिवर स्वतः यावर हसायचा, मी जातो पाण्यात म्हणायचा. पण त्याच्या बायकोचा भाऊ असाच गेला होता. कुणाला तरी काढलं, तो माणूस परगावचा, निघून गेला, आणि पुढच्याच पावसात भाऊ गेला. म्हणून बाबांना काढल्यावर डोंगा तिनं स्वतःच्या हातानं पालथा घातला होता आणि नवऱ्याला सांगितलं होतं, साहेब जेवले की मीच सुलटा करीन.

"मग त्यांनी बाबांना बोलावलं का नाही?"

"बोलावता येत नाई ना, पोरी. बोलावून जेवला तं तो पाहुणा झाला. पाहुण्याले नदी काई सोडत नाई. त्यानं आपनच आलं पायजे." ती पुन्हा कढई घासू लागली. जरा वेळानं खाली मान घालूनच म्हणाली, "घरच्या माणसानं सांगितलं तं चालते. तुमी घरच्या."

आता सांगणं माझ्यावर आलं. आईला सांगितलं असतं तर तिनं ते बाबांना लगेच सांगितलं असतं, पण आईच्या सांगण्यात बाबांना नेहमी हुकूम ऐकू यायचा, आणि मग ते वर्तमानपत्र उघडायचे. म्हणून मी संध्याकाळची वाट पाहिली. चालता चालता, घाट दिसायच्या आधी, मी म्हटलं, "बाबा, आपण त्यांच्याकडे जेवायला जाऊ या का?"

कुणाकडे, हे त्यांनी विचारलं नाही. "त्यांनी बोलावलंय?"

"नाही."

"मग न बोलावता कसं जायचं?"

बाबांच्या या प्रश्नामागं काय आहे ते मला माहीत होतं. जंगल खात्याचा माणूस खेड्यात आला की कोंबडी कापली जाते, हे त्या मुलखात सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. न बोलावता येणारा आणि पोटभर खाऊन जाणारा सरकारी माणूस कसा असतो, हे भामरागडाकडच्या शेवटच्या पाड्यापर्यंत लोकांना ठाऊक होतं. बाबांनी नोकरीत पाऊल टाकलं तेव्हाच ठरवलं होतं की आपण तसे व्हायचं नाही. दौऱ्यावर ते घरून शिधा नेत. कुणी मध आणून दिला तर तो तराजूत घालून, बाजारभाव विचारून मगच घरात येई. आई थट्टेनं म्हणायची, या माणसाला सावलीसुद्धा फुकट चालत नाही, झाडाखाली बसले तर झाडाला विचारतील. माझे बाबा असे होते, आणि मला त्यांचा फार अभिमान होता. त्यांनी आयुष्यभर जे केलं नाही नेमकं तेच करा म्हणून मी त्यांना सांगत होते.

मी सगळं सांगितलं. भाऊ गेल्याचं सांगितलं, पालथ्या डोंग्याचं सांगितलं, मागून घ्यायच्या जेवणाचं सांगितलं. एका दमात इतकं मी बाबांशी पूर्वी कधी बोलले नव्हते. माझं मराठी अडखळत होतं. मध्येच इंग्रजी शब्द येत होते.

बाबा ऐकत उभे होते. मग म्हणाले, "असल्या गोष्टी खऱ्या नसतात."

"नसतील. पण ती घाबरली आहे ते खरं आहे."

घाटापर्यंत न जाताच आम्ही परतलो.

रात्री जेवताना बाबांनी आईला विचारलं, तुला काय वाटतं. म्हणजे त्यांचं स्वतःशी बरंच बोलून झालं होतं. आमच्या घरात मासोळी शिजत नव्हती, ढिवराच्या घरात दुसरं काय शिजत असणार, आणि आईचं देवाधर्माचं मोठं होतं. आईनं आमटीचा डाव पातेल्यात ठेवला.

"जा तुम्ही दोघं," ती म्हणाली. "वाढतील ते खा. आणि आल्यावर काय खाल्लं ते मला सांगू नका. मी विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांनी खाकी घातली नाही. धोतर नेसले, पांढरा सदरा घातला, टोपी घालून पुन्हा काढली. शिपाई बरोबर येऊ लागला, त्याला त्यांनी थांबवलं. ढिवरांची वस्ती घाटाच्या वरच्या अंगाला होती. कुडाची घरं, दारात वाळत टाकलेली जाळी, मधूनमधून शेवग्याची झाडं. आम्हाला पाहून कुत्री भुंकली आणि माणसं घरात गेली. रेंजर न सांगता वस्तीत शिरला की जे होतं तेच झालं. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. मला वाटलं, आता मागे वळतील.

ढिवराची बायको अंगणातल्या चुलीवर मोठ्या मडक्यात शिंगाडे उकडत होती. तळ्यातले ताजे, काळे शिंगाडे, दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी. तिनं मान वर केली. ती उठली नाही, गडबडली नाही, या म्हणाली नाही. फक्त बघत राहिली. ढिवर ओसरीवर होता, तोही गप्प. त्यांना बोलावता येत नव्हतं हे मला ठाऊक होतं, तरी ती शांतता फार लांबली.

बाबा अंगणाच्या कडेला चपला काढून आत गेले आणि चुलीपाशी, तिच्या समोर, जमिनीवरच मांडी घालून बसले.

"बाई," ते म्हणाले, "भूक लागली."

ती झटकन उठली ती घरातच गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग काही वेळ आला नाही. ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि हातात दोन पितळ्या होत्या. एक बाबांना, एक मला. भात, वर अंबाडीची भाजी, बाजूला सोललेले गरम शिंगाडे. मासोळीचं कालवण आत होतं, वास येत होता, पण तिनं ते आणलं नाही.

"तुमी खात नाई, मले मालूम हाये," ती म्हणाली. "नदीचंच लागते असं काई नाई. चुलीवरचं लागते."

बाबा जेवू लागले. भाजी भयंकर तिखट होती. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नाकातूनही, पण मी खाली मान घालून जेवत होते. आतापर्यंत कुडांच्या आडून बघणारी माणसं एकेक करून बाहेर आली. अंगणाच्या भोवती बाया, म्हातारे, कडेवरची पोरं अशी गर्दी जमली. सत्काराच्या दिवशी पटांगणात इतकी माणसं होती, पण इतकं लक्ष देऊन तिथं कुणीच बघत नव्हतं.

ओसरीच्या आत, आड्याला टांगलेल्या बांबूवर ती शाल होती. चुलीचा धूर लागू नये म्हणून तिला वरून फडकं गुंडाळलं होतं. बाबांची नजर तिकडे गेलेली तिनं पाहिली.

"शाल चांगली हाये, साहेब. थंडीत कामी येईन," ती म्हणाली. "पण नदीले शाल दिसत नाई."

बाबांची पितळी रिकामी झाली. त्यांनी हात थांबवला. एवढी साधी गोष्ट, पण त्यांना किती जड जात होती ते मला दिसत होतं. माझं त्यांच्याकडे लक्ष होतं, ढिवराच्या बायकोचं होतं, सगळ्या वस्तीचं होतं. बाबांनी घसा खाकरला. पटांगणात जसे नुसते ओठ हलवून खाली बसले होते तसंच आताही होणार, असं मला क्षणभर वाटलं.

"अजून थोडा भात वाढता का, बाई?"

गर्दीतली एक म्हातारी मोठ्यानं हसली. मग सगळेच हसले. ढिवर ओसरीवरून उतरला आणि म्हणाला, "थोडा काऊन? वाढ वं, पोटभर वाढ. सरकारी माणूस हाये, उपाशी गेला तं रिपोट करन."

बाबाही हसले. मी त्यांना चार लोकांत असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तिनं भाताचा ढीग घातला. बाबांनी तो सगळा संपवला. माझ्या पितळीतही तिनं न विचारता वाढलं आणि हळूच म्हणाली, "पाणी पे, पोरी, नाक लाल झालं." मग मला एकटीला देण्यासाठी तिनं गुळाचा खडा शोधून आणला. पट्टा धरून बाबांना ओढणारा तो हात मी तेव्हा जवळून पाहिला. लहानसा होता, माझ्या हाताहून थोडाच मोठा. तळव्यावर बांबूचे घट्टे होते. मला तिला थँक यू म्हणायचं होतं. शाळेत ते म्हणायला आम्हाला इतक्या वेळा शिकवलं होतं, पण त्या अंगणात त्याला जागाच नव्हती. मी तो गुळाचा खडा तोंडात टाकला.

हात धुऊन झाल्यावर ती आधी घाटाकडे निघाली, आम्ही सगळे मागून. पळसाखाली जाऊन तिनं पदर खोचला आणि नवऱ्याला दुसऱ्या बाजूनं धरायला सांगितलं. दोघांनी डोंगा सुलटा केला. खाली वाळूत मुंग्यांनी घर केलं होतं. लाकूड उन्हानं वाळून पांढरं पडलं होतं, त्यामुळे पाण्यात उतरवल्यावर सांध्यातून थोडं पाणी आत आलं. ढिवरानं ते करवंटीनं बाहेर टाकलं, बांबू घेतला आणि वर चढला. मग थांबला. बाबांकडे बघितलं नाही, काही विचारलं नाही. नुसता थांबला.

बाबांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या. धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि पाण्यात पाय टाकून डोंग्यात जाऊन बसले. दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती. ढिवरानं बांबू रेटला.

आम्ही दोघी काठावर उभ्या होतो. नदी त्या वेळी शांत होती, खालची वाळू दिसावी इतकी. ओठ आवळून ढिवराच्या बायकोनं डोंग्यावर नजर धरून ठेवली होती, जणू नजर काढली तर तो तिथंच बुडेल. डोंगा धारेला लागला, थोडा वाकडा झाला, पुन्हा सरळ झाला. मध्यावर पोचल्यावर बाबांनी एक हात कडेवरून सोडला आणि आमच्याकडे बघून वर केला.

तिनं एकदा श्वास सोडला. मग डोंगा पलीकडे लागायची वाट न पाहता ती वळली. चुलीवर शिंगाडे तसेच राहिलेत, जास्त शिजले तर उद्या कोणी घेणार नाही, असं म्हणत ती भराभरा वस्तीकडे चालू लागली.